पायाचे वर्ष

दहावीचा निकाल लागला की पुढील पंधरवड्यात धर्मग्रामातील आईबाप गुणपत्रिकेची झेरॉक्स घेऊन आमच्याकडे येतात. बहुतेकांचे काय ते घरीच ठरलेले असते. धर्मगुरूच्या तोंडून 'बरे आहे' एवढे ऐकले की ती समाधानाने परततात. यंदा आलेल्या एका माउलीचे तसे नव्हते. नवरा मस्कतला सुतारकामावर, ही येथे रत्नागिरीत चार घरचा स्वयंपाक करणारी. सोबत मुलगा, त्याला ६१ टक्के गुण आणि चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेत 'ए' श्रेणी.

“फादर, हा म्हणतो फाउंडेशन करायचे. म्हणजे एक वर्ष नुसती चित्रे काढायची, आणि पुढे काय व्हायचे ते त्यानंतर ठरवायचे. वर्ष फुकट तर नाही ना जायचे?”

मुलगा काही बोलला नाही. नाडीने बांधलेला पुठ्ठ्याचा फोल्डर त्याने छातीशी धरला होता. या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार आम्हांला नाही, हे आम्ही जाणून आहोत. आम्ही साहित्याचे वाचक आणि चित्रांचे फार तर हौशी प्रेक्षक. परंतु याच प्रश्नाचे उत्तर आम्ही पूर्वी एकदा झटक्यात देऊन बसलो होतो. त्याविषयी पुढे लिहूच. या वेळी मात्र आम्ही माउलीकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि हे वर्ष म्हणजे नेमके काय असते ते पाहावयास निघालो. जे पाहिले त्याची ही समीक्षा.

प्रथम विषयाची तोंडओळख. शाळा सोडल्यावर कोणाला रंगचित्रकार व्हायचे असेल, कोणाला जाहिरातकलेत जायचे असेल, कोणाला कापडावरील नक्षीकाम किंवा शिल्प शिकायचे असेल. पण पहिले एक वर्ष सर्वांनी एकाच वर्गात बसून तेच प्राथमिक धडे गिरवायचे आणि मग शाखा निवडायची, अशी या अभ्यासक्रमाची कल्पना आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या पदविकांना पूर्वापार हाच उंबरठा आहे. पदवीच्या वाटेने जाणाऱ्याला बारावीनंतर प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, परंतु त्या वाटेवरचे पहिले वर्षही वृत्तीने पायाचेच. वस्तुचित्रण, निसर्गचित्रण, द्विमितीय आणि त्रिमितीय संकल्प, रंग, अक्षरलेखन, भूमिती व यथार्थदर्शन असे विषय त्यात असतात. एके काळी यासाठी कोकणातल्या मुलाला मुंबई अथवा कोल्हापूर गाठावे लागे. आता आपल्या जिल्ह्यातच सावर्ड्याला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे, देवरुखला कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइन आहे. तेव्हा जायचे कुठे, हा प्रश्न फारसा उरलेला नाही. कशासाठी जायचे, हा मात्र उरला आहे.

आम्ही गेलो ते जिल्ह्याबाहेरील एका कलामहाविद्यालयात. तेथील एक अध्यापक आमचे स्नेही आहेत. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहोत ते कोणा एका संस्थेला उद्देशून नाही. स्नेह्यांनी कपाटातून मागील वर्षीच्या फाउंडेशन वर्गाची कामे काढली. दोरीने बांधलेले गठ्ठे होते ते. एकेक कागद टेबलावर मांडीत आम्ही दोघे दुपारभर पाहत बसलो.

पहिला गठ्ठा वस्तुचित्रांचा. पितळी कळशी, मातीचे मडके, दोन वांगी, मागे घडी पाडलेले निळे कापड. वर्गातील प्रत्येकाने हीच मांडणी आपापल्या जागेवरून रंगविली होती. हातांची तयारी पाहून आम्ही चकित झालो. कळशीचा गोलवा, कापडाची चुणी, सगळे जेथल्या तेथे. पाच-सहा चित्रे झाल्यावर मात्र एक गोष्ट खुपू लागली. प्रत्येक कळशीवरचा चकाकणारा ठिपका वरच्या डाव्या बाजूस होता. आम्ही स्नेह्यांना विचारले, वर्गाची खिडकी कोणत्या बाजूस? ते हसले. खिडकी उजवीकडे होती. मुलांपैकी निम्म्यांनी तरी उजेड उजवीकडून येताना प्रत्यक्ष पाहिला असणार, आणि तरीही ठिपका डावीकडे दिला. कारण एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटची तयारी करताना डावीकडे द्यायचा असे हाताला वळण लागले होते. कळशी त्यांनी काढली होती, पण पाहिली नव्हती. आमच्या मते साऱ्या प्रश्नाची मेख या एका ठिपक्यात आहे.

निसर्गचित्रांविषयी थोडक्यातच लिहितो. माड, होडी, बुडता सूर्य, निळा समुद्र. या वर्गात राजापूर-लांज्याकडची, गुहागर-दापोलीकडची मुले पुष्कळ होती असे कळले. आषाढात भाट्याच्या खाडीचे पाणी कोणत्या रंगाचे असते, हे ज्याने पाहिले आहे त्याच्या हातून निळा समुद्र उमटावा याचे नवल वाटते. तो तांबूस, करडा, गढूळ रंग एकाही कागदावर नव्हता.

अक्षरलेखनाच्या गठ्ठ्याने आमची अधिक निराशा केली, कदाचित आम्ही अक्षरांच्या गावचे म्हणून. देवनागरीच्या दंडाला रोमन अक्षरांसारख्या टाचा फुटलेल्या होत्या. बोरूची तिरकी कापणी आणि तिने येणारी जाड-बारीक रेषा हा देवनागरीच्या देखणेपणाचा गाभा आहे, आणि रोमन लेखणीपेक्षा देवनागरीच्या बोरूचा तिरपेपणा उलट्या दिशेचा असतो. हे एकदा बोरू हातात घेतला की पाच मिनिटांत कळते. ते ज्याला कळले नाही, तो जन्मभर दुसऱ्याच्या अक्षराला आपली मात्रा-वेलांटी लावीत राहील. र. कृ. जोशींसारखा अक्षराचा मोठा जाणकार आपल्याकडे होऊन गेला, मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत आणि आयआयटीत त्यांनी अध्यापन केले. संगणकावर देवनागरी वाचताना वर्षानुवर्षे जो 'मंगल' टंक आपल्या डोळ्यांपुढे होता तो त्यांचा. त्यांचे नाव या वर्गात घेतले गेले होते की नाही, हे आम्ही स्नेह्यांना विचारले नाही. संकोच वाटला.

मग एका गठ्ठ्याच्या तळाशी एक कागद निघाला. पोताचा अभ्यास, असे त्याच्या पाठीमागे लिहिले होते. कोण्या मुलीने जांभ्या दगडावर कागद ठेवून वरून कोळसा घासला होता. आपल्याकडच्या कुंपणाच्या गडग्यात, विहिरीच्या काठाला, घराच्या चिऱ्यांत असतो तो जांभा. त्याची भोके, त्यांच्या कडा, मधली सपाट बेटे, सारे कागदावर उतरले होते. आणि नुसते घासून ती थांबली नव्हती. शेजारच्या अर्ध्या भागात तिने तोच दगड डोळ्यांनी पाहून पेन्सिलीने काढला होता. डाव्या अंगाला हाताने चाचपलेला दगड, उजव्या अंगाला डोळ्याने पाहिलेला. दोन्ही जुळत नव्हते, आणि जेथे जुळत नव्हते तेथे तिने बारीक अक्षरांत टिपा केल्या होत्या: 'हे भोक मला दिसले नव्हते.' 'ही कड मी उगाच काढली.' कागद मळलेला होता, कोपरा दुमडलेला होता. गुण बेताचेच मिळाले होते. 'स्वच्छतेकडे लक्ष द्यावे' असा शेराही होता.

तो शेरा वाचून आम्हांला राग आला, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी राग निवळल्यावर असे वाटले की, शेरा लिहिणारा दुष्ट नव्हे, तो एका परंपरेला धरून लिहीत होता. आणि त्या मुलीनेही, तिला ठाऊक असो वा नसो, एका दुसऱ्याच परंपरेला धरून काम केले होते. फाउंडेशन नावाच्या या वर्षात दोन घराणी एकत्र नांदतात, आणि त्यांचे आपसांत फारसे पटत नाही.

थोरले घराणे आपल्या अधिक परिचयाचे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ साली दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली. पुढे १८६५ साली लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक इंग्लंडहून आले. ते ज्या पद्धतीत वाढले ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची. तिच्यात चित्रकलेचे २३ टप्पे पाडलेले होते: आधी सरळ रेषा, मग छापील नमुन्याची नक्कल, मग प्लास्टरच्या नक्षीची नक्कल, आणि अशा पायऱ्या चढत जिवंत वस्तूपर्यंत यायचे. आपल्या शाळांतील एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षा या वृत्तीच्याच वारसदार आहेत. नकलेला आम्ही सरसकट नावे ठेवीत नाही. १८७२ पासून ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन लेण्यांतील चित्रांच्या प्रती करविल्या, तेव्हा त्या काळोखात दिवसचे दिवस भिंतीपुढे बसणाऱ्या मुलांनी जे पाहिले असेल ते कोणत्याही व्याख्यानाने मिळाले नसते. नक्कल करतानाही पाहता येते. परंतु परीक्षेचा तास बांधला गेला, आणि दोन तासांत बाजाराचे स्मृतिचित्र काढून द्यायचे ठरले, की मुले छत्रीवाला माणूस, टोपलीवाली बाई, सायकलवाला असे साचे पाठ करून जातात. ती स्मृती कोणाची? क्लासच्या सरांची.

धाकटे घराणे जर्मनीचे. १९१९ साली वायमार येथे वॉल्टर ग्रोपियस यांनी बाउहाउस ही कलाशाळा काढली. तेथे योहान्नेस इटेन या स्विस शिक्षकाने सर्व नवागतांसाठी सहा महिन्यांचा एक प्रारंभिक अभ्यासक्रम बांधला. आज जगभर कलाशाळांत जे पायाचे वर्ष असते त्याचा मूळपुरुष हाच. इटेन मुळात प्राथमिक शाळेचा शिक्षक. येणारा मुलगा आधीच पुष्कळ काही शिकून आलेला असतो आणि ते आधी उतरवावे लागते, अशी त्याची धारणा होती. म्हणून तासाच्या आरंभी तो श्वासोच्छ्वासाचे आणि अंगमोकळीचे व्यायाम घेई. डोळे मिटून लाकूड, लोकर, दगड, साल बोटांनी चाचपायला लावी, आणि मगच कोळसा हातात घेऊ देई. आमच्या जांभ्यावाल्या मुलीचा कागद त्याच्या वर्गात भिंतीवर लागला असता.

इटेनची एक गोष्ट त्याचा सहकारी ऑस्कर श्लेमर याच्या पत्रातून आली आहे. ग्रूनेवाल्ट या जर्मन चित्रकाराच्या आयझेनहाइम वेदीचित्रातील शोकाकुल मग्दालिया मरियेचे चित्र इटेनने वर्गाला दाखविले. मुलांनी शहाण्यासारखी कागद-पेन्सिल घेतली आणि त्यातील महत्त्वाच्या रेषा टिपायला सुरुवात केली. इटेन कडाडला: तुमच्या अंगी थोडी जरी संवेदना असती तर तुम्ही हे रेखाटत बसला नसता, तुम्हांला रडू आले असते. तो असे बोलला आणि खोलीबाहेर निघून गेला, म्हणतात. ही गोष्ट आम्हांला आवडते आणि खटकतेही. आवडते, कारण कळशीवरच्या डाव्या ठिपक्याला यापेक्षा चांगले उत्तर आमच्या वाचनात नाही. खटकते, कारण हुकुमावरून रडणे हीसुद्धा नक्कलच. इटेन पुढे एका विचित्र पंथाच्या नादी लागला, विद्यार्थ्यांचा आहार-विहारही ठरवू लागला, आणि १९२३ साली ग्रोपियसशी मतभेद होऊन बाहेर पडला. गुरूने शिष्याचे मन कोरे करावे, पण त्यावर आपलेच नाव लिहू नये, ही मर्यादा त्याला उमगली नाही. सेमिनरीत आमचेही एक प्रारंभिक वर्ष होते, त्यामुळे हा मोह किती जवळचा असतो हे आम्ही थोडेफार जाणतो. असो.

बाउहाउसचे वारे आपल्या देशी लवकरच पोचले. १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्यास बाउहाउसच्या कलावंतांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. त्यात इटेन, क्ले, कँडिन्स्की यांची चित्रे ठाकुर घराण्यातील चित्रकारांच्या चित्रांबरोबर लागली. स्वातंत्र्यानंतर, १९६१ साली, अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली आणि पायाचा अभ्यासक्रम ही कल्पना तेथे पक्की रुजली. आपल्या राज्यातील फाउंडेशनमध्ये रंगचक्र आले, पोत आला, द्विमिती-त्रिमिती आली. शब्द धाकट्या घराण्याचे आले. गुणपत्रक मात्र थोरल्याच घराण्याचे राहिले. रंगचक्राचा कागद प्रत्येक मुलाने किती काटेकोर रंगविला होता! बारा रंग, बारा घरे, रेषेबाहेर टिपूस नाही. पण पिवळ्याशेजारी करडा ठेवला की करडा जांभळट का दिसू लागतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून हरखलेले कोणी त्या कागदांत भेटले नाही.

येथे आमच्या समाजातील एका चित्रकाराची आठवण होणे अपरिहार्य आहे. आंजेलो दा फोन्सेका, जन्म १९०२, गोव्यातील सांत इस्तेव्ह बेटावरचा. मुंबईच्या कलाशाळेत तो दाखल झाला. तेथील पाश्चात्त्य वळणाने त्याचे समाधान झाले नाही, म्हणून ती सोडून शांतिनिकेतनास गेला. तेथे अवनींद्रनाथ ठाकुर आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात त्याने आपला पाया पुन्हा घातला. परत आल्यावर त्याने साडी नेसलेली मरिया रंगविली आणि गोव्यात रोष ओढवून घेतला. पुढचे आयुष्य त्याने पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात काढले व १९६७ साली तो वारला. त्याच्या जलरंगांतील माणसे ज्या तऱ्हेने जमिनीवर बसतात, ज्या तऱ्हेने पदर डोक्यावरून घेतात, ते कोणत्याही प्लास्टरच्या नमुन्यावरून शिकता येणारे नव्हे. फोन्सेका कलाशाळेतून शिकला नाही असे आमचे म्हणणे नाही. काय नको आहे, हे तो तेथेच शिकला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली कोणतीही एक कलाशैली चर्चने आपली म्हणून मानलेली नाही असे स्पष्ट म्हटले, तेव्हा फोन्सेका साठी ओलांडून गेला होता. आणि आपण? आपल्या देवळांसाठी आजही आपण मूर्ती मागवितो त्या कॅटलॉगात पाहून, गुलाबी गालांच्या. आपल्याच वस्तीतील एखाद्या मुलाने वर्षभर घालून हात आणि डोळा तयार केला, तर त्याला देण्यासाठी आपल्याजवळ काय काम आहे, हा प्रश्न त्या माउलीने आम्हांला विचारला नाही हे आमचे नशीब.

फोन्सेकाला शांतिनिकेतन गाठावे लागले. रत्नागिरीच्या मुलाला इतके दूर जावे लागू नये, असे आम्हांला वाटते, आणि ते अभिमानापोटी नव्हे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत सावंतवाडी आपल्याच जिल्ह्यात होती. तेथील गंजिफा घ्या. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पाने, एकूण १२० पाने, सारी वाटोळी. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान, उरलेली दहा पाने एकपासून दहापर्यंत. मत्स्यावताराच्या रंगात पहिल्या पानावर एक मासा, दुसऱ्यावर दोन, असे करीत दहा. आता तळहातावर मावेल एवढ्या वर्तुळात सात मासे बसवून पाहा. आठवा कोठे घालाल? एकाकडे पाहताना एक मासा दिसावा आणि दहाकडे पाहताना गर्दी न वाटता दहा मोजता यावेत, शेपट्या एकमेकींत अडकू नयेत, आणि मधली मोकळी जागाही देखणी राहावी. द्विमितीय संकल्पाच्या तासाला 'एकाच आकाराची पुनरावृत्ती' हा धडा चौकोन-त्रिकोण चिकटवून शिकवितात. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी तो १२० पानांत सोडवून ठेवला आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी तशीच. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्या चित्रांतील एका बाजूने दिसणारा चेहरा आणि त्यावरचा तो मोठा डोळा कथेच्या ओघात कसा बोलतो, हे पाहायला किती वर्ग तेथे गेले, ते ठाऊक नाही.

आणि सड्यावरची कातळशिल्पे. राजापूर तालुक्यातील कशेळीला उघड्या कातळावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. त्याच्या अंगाच्या आत आणखी कितीतरी प्राणी आहेत. बारसू, उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, रुंढे तळी, देवीहसोळ, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमळ यांच्यासह ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आम्ही त्यात पडत नाही. आम्हांला कुतूहल आहे ते रेषेचे. कशेळीचा हत्ती जमिनीवर उभे राहून एका दृष्टिक्षेपात दिसतच नाही. पाठीच्या रेषेवरून चालत निघालो तर सोंडेपाशी पोचेपर्यंत पाठ विसरायला होते. ज्याने तो कोरला त्याला आपले चित्र कधी पूर्ण दिसले असेल का? चालता चालता, पावलांनी मोजीत त्याने ती रेषा धरली असणार. जांभ्यावर कोळसा घासणारी ती मुलगी राजापूर तालुक्यातलीच होती, असे स्नेह्यांनी सहज बोलता बोलता सांगितले. तिने कशेळीचा हत्ती पाहिला होता का? त्यांना माहीत नव्हते.

आता व्यवहाराचे. कागद, रंग, ड्रॉइंग बोर्ड, एसटीचा पास, हे सारे पोळ्या लाटून आलेल्या पैशांतून जायचे. शिवाय हल्ली दोन ओळींचे वर्णन लिहिले की संगणक चित्र काढून देतो, मग माणसाने कशाला शिकावे, असे मुलाच्या मामाचे म्हणणे पडले. मामांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डाव्या ठिपक्याची कळशी संगणक आपल्या मुलांहून सफाईने काढील, आणि तेवढीच काढायला शिकविणारे वर्ष खरोखरच फुकट गेले असे म्हणावे लागेल. 'हे भोक मला दिसले नव्हते' असे मात्र तो स्वतःहून लिहीत नाही.

आम्ही पूर्वी दिलेल्या उत्तराविषयी लिहायचे कबूल केले होते. पंधराएक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, असाच एक मुलगा असाच प्रश्न घेऊन आला होता. आम्ही त्याला वायरमनचा आयटीआय करावयास सांगितले. दोन मिनिटेही विचार केला नसेल. त्याने केला, उत्तम केला, आखातात गेला, घर बांधले, बहिणींची लग्ने केली. त्याच्या आयुष्याचे काही वाकडे झाले नाही. एका नाताळात सुट्टीवर असताना त्याने देवळातली गव्हाण केली. दरवर्षी आपण तपकिरी कागद चुरगळून डोंगर करतो. त्याने गोणपाट सिमेंटच्या पाण्यात बुडवून आपल्या सड्याची कड केली, अगदी कातळाला पडतात तशा आडव्या भेगांसह, आणि दिवा अशा जागी लपविला की बाळाच्या चेहऱ्यावर उजेड खालून यावा. आम्ही त्याचे कौतुक केले. तो म्हणाला, “फादर, मला तेव्हा ते एक वर्ष पाहिजे होते.” आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळेच ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही.

पंधरा दिवसांनी माउली आली तेव्हा आम्ही तिला खरे ते सांगितले. वर्ष फुकट जाऊ शकते. ते नुसत्या कागदांचे गठ्ठे करण्यात गेले तर जाईल. मुलाला मात्र घरून एकच विचारीत जा, आज गुण किती पडले हे नव्हे, आज नवीन काय दिसले. मग मुलाकडे वळून त्याचा फोल्डर मागितला. त्यात बरीचशी परीक्षेची चित्रे होती, माडांची आणि होड्यांची. शेवटी आईच्या पोळपाटाची एक चित्रओळ होती, वहीच्या पानांवर बॉलपेनने काढलेली: पोळपाट, लाटणे, पीठ उडालेले, पोळपाट तिरका, पोळपाट भिंतीला टेकवून ठेवलेला. ती पाने फोल्डरात का ठेवलीस, असे विचारले तर म्हणाला, “चुकून राहिली.”

त्याने जुलैत प्रवेश घेतला. परवा शनिवारी मिस्सा झाल्यावर तो आमच्याकडे आला आणि संक्रिस्तीतली एक पाय मोडलेली जुनी खुर्ची मागू लागला. त्यांना खुर्ची काढायला सांगितली आहे; पण खुर्ची नाही, खुर्चीच्या दांड्यांमधली जी रिकामी जागा असते तेवढीच काढायची आहे, म्हणाला. घरात सगळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांत जागाच नाही. खुर्ची त्याने डोक्यावर उलटी घेतली आणि पावसातून चालत निघाला.